डायरेक्टर प्रणालीतील बिहेवियर

बिहेवियर ही मॅक्रोमीडिया डायरेक्टर या बहुमाध्यम-निर्मितीच्या संगणक प्रणालीतील एक संज्ञा आहे. पडद्यावरील एखाद्या चित्राने, मजकुराने किंवा बटणाने कोणत्या प्रसंगी काय करावे, हे सांगणाऱ्या आणि अगोदर लिहून ठेवलेल्या छोट्या आज्ञावलीस बिहेवियर म्हणतात. इंग्रजीतील मूळ शब्दाचा अर्थ 'वर्तन' असा आहे. अशी तयार आज्ञावली माउसने ओढून पडद्यावरील वस्तूवर सोडली, की त्या वस्तूला ते वर्तन प्राप्त होते. यासाठी वापरकर्त्याला आज्ञावलीची भाषा येणे आवश्यक नसते. लिंगो ही डायरेक्टरची अंगभूत भाषा असून बहुतेक बिहेवियर तिच्यातच लिहिलेली आहेत.

१९९७ मध्ये आलेल्या डायरेक्टरच्या सहाव्या आवृत्तीपासून बिहेवियर ही सोय उपलब्ध झाली. शैक्षणिक सीडी-रॉम, संग्रहालयांतील माहितीफलक, संगणकीय खेळ आणि महाजालावरील शॉकवेव्ह चित्रफिती यांच्या निर्मितीत तिचा मोठा वापर झाला. डायरेक्टरची विक्री २०१७ मध्ये थांबली. तथापि 'तयार वर्तन वस्तूला जोडणे' ही कल्पना आजच्या अनेक खेळनिर्मिती प्रणालींत आढळते.

पार्श्वभूमी

मार्क कँटर, जेमी फेंटन आणि मार्क पियर्स यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे मॅक्रोमाइंड ही संस्था स्थापन केली. या संस्थेने १९८५ मध्ये ॲपलच्या मॅकिन्टॉश संगणकासाठी व्हिडिओवर्क्स नावाची ॲनिमेशन प्रणाली आणली. तिचेच पुढे डायरेक्टर असे नामांतर झाले. १९९२ मध्ये मॅक्रोमाइंड-पॅराकॉम्प आणि ऑथरवेअर या संस्थांच्या विलीनीकरणातून मॅक्रोमीडिया ही संस्था उदयास आली.

व्हिडिओवर्क्समध्ये चित्रे चौकटीमागून चौकट हलविता येत असत, परंतु प्रेक्षकाच्या कृतीला प्रतिसाद देण्याची क्षमता मर्यादित होती. ही उणीव लिंगो भाषेने भरून काढली. जॉन थॉम्पसन हे या भाषेचे निर्माते होत. ॲपलच्या हायपरकार्ड प्रणालीतील हायपरटॉक भाषेप्रमाणे लिंगोची वाक्यरचनाही साध्या इंग्रजी वाक्यांच्या जवळची होती. तरीही चित्रकार, संगीतकार, शिक्षक अशा वापरकर्त्यांना ती परकीच वाटे. ज्याला चित्र काढता येते त्याला आज्ञावली लिहिता येईलच असे नाही, आणि ज्याला आज्ञावली लिहिता येते त्याला पाठाची मांडणी सुचेलच असेही नाही. या दोघांमधील दरी कमी करणे हा बिहेवियरमागील मुख्य हेतू होता.

सहाव्या आवृत्तीपूर्वी पडद्यावरील एका वस्तूला एकच स्क्रिप्ट जोडता येत असे. त्यामुळे 'माउस वर आल्यावर रंग बदलणे' आणि 'दाबल्यावर पुढील पानावर जाणे' ही दोन कामे एकाच वस्तूकडून करवून घ्यायची असतील, तर दोन्ही आज्ञा एकाच स्क्रिप्टमध्ये गुंफाव्या लागत. बिहेवियर आल्यावर एका वस्तूला अनेक वर्तने स्वतंत्रपणे जोडणे शक्य झाले.

रंगभूमीची परिभाषा

डायरेक्टरची परिभाषा रंगभूमीवरून घेतलेली आहे. बिहेवियरचे स्थान समजण्यासाठी पुढील संज्ञा माहीत असाव्यात.

स्टेज म्हणजे रंगमंच. प्रेक्षकाला दिसणारा पडद्याचा भाग.

कास्ट म्हणजे नटसंच. चित्रे, ध्वनी, मजकूर, चित्रफिती आणि स्क्रिप्ट हे सर्व या संचाचे सदस्य असतात.

स्प्राइट म्हणजे रंगमंचावर प्रत्यक्ष अवतरलेले पात्र. नटसंचातील एकच सदस्य एकाच वेळी अनेक स्प्राइटांच्या रूपाने मंचावर येऊ शकतो.

स्कोअर म्हणजे कोणते पात्र कोणत्या चौकटीत प्रवेश करते आणि कोणत्या चौकटीत निघून जाते, याची नोंद ठेवणारा तक्ता. त्यातील आडव्या ओळींना चॅनेल आणि उभ्या स्तंभांना फ्रेम, म्हणजे चौकट, म्हणतात. सहाव्या आवृत्तीत स्प्राइटांसाठी १२० चॅनेल होते. सातव्या आवृत्तीत ही मर्यादा १००० झाली.

नट आणि भूमिका यांत जो भेद असतो, तोच कास्ट-सदस्य आणि स्प्राइट यांत आहे. बिहेवियर भूमिकेला जोडले जाते, नटाला नाही. नाटकाच्या संहितेतील रंगसूचना जशी त्या भूमिकेपुरती लागू असते, तसेच बिहेवियर त्या स्प्राइटपुरते लागू असते. एका फुलपाखराचे चित्र तीन ठिकाणी मंचावर असेल, तर त्यांतील एक स्थिर, दुसरे भिरभिरणारे आणि तिसरे माउसपासून दूर पळणारे करता येते. मूळ चित्र मात्र एकच राहते.

सुरुवातीच्या आवृत्त्यांत एखाद्या स्प्राइटचा ताबा स्कोअरकडून काढून लिंगोकडे देण्यासाठी 'पपेट' अशी आज्ञा द्यावी लागे. कळसूत्री बाहुलीची दोरी कोणाच्या हाती आहे, हे त्या आज्ञेने ठरत असे. बिहेवियरच्या रूपाने ही दोरी आज्ञावली न जाणणाऱ्या निर्मात्याच्याही हाती आली.

रचना

बिहेवियरचे स्थूलमानाने तीन भाग असतात.

१. गुणधर्म. प्रत्येक स्प्राइटसाठी स्वतंत्रपणे जपून ठेवायची मूल्ये, उदाहरणार्थ वेग, दिशा, मूळ जागा. ही 'प्रॉपर्टी' या शब्दाने घोषित केली जातात.

२. प्राचलांची यादी. 'गेटप्रॉपर्टीडिस्क्रिप्शनलिस्ट' या नावाचा विभाग बिहेवियरमध्ये असल्यास ते स्प्राइटवर सोडताच एक छोटी चौकट उघडते आणि वापरकर्त्याला मूल्ये विचारते. प्रत्येक मूल्याचे वर्णन, प्रकार, गृहीत मूल्य आणि आवश्यक असल्यास त्याच्या मर्यादा लेखकाने येथे नमूद केलेल्या असतात. बिहेवियरच्या सोपेपणाचे मर्म या विभागात आहे; कारण आज्ञावलीला हात न लावता तिचे वर्तन बदलण्याची मुभा तो देतो.

३. घटना-हस्तक. विशिष्ट घटना घडल्यावर काय करावे, हे सांगणारे विभाग. प्रत्येक विभागाचा प्रारंभ 'ऑन' या शब्दाने आणि शेवट 'एंड' या शब्दाने होतो.

प्रमुख घटना अशा: स्प्राइट मंचावर येताच 'बिगिनस्प्राइट', मंचावरून जाताच 'एंडस्प्राइट', माउसचा बाण स्प्राइटवर येताच 'माउसएंटर', तेथून बाहेर जाताच 'माउसलीव्ह', माउसची कळ दाबताच 'माउसडाउन', सोडताच 'माउसअप' आणि प्रत्येक चौकट संपताना 'एक्झिटफ्रेम'.

स्प्राइटचा प्रवेश होताच डायरेक्टर त्या बिहेवियरची एक स्वतंत्र प्रत स्मृतीत तयार करते. या प्रतीचा निर्देश 'मी' या शब्दाने केला जातो. इंग्रजीतील हा शब्द मराठीतील 'मी' या सर्वनामाशी उच्चाराने व अर्थानेही जुळतो, हा केवळ योगायोग होय. स्प्राइटचे निर्गमन होताच ही प्रत नष्ट होते. म्हणून खेळातील गुणसंख्या बिहेवियरच्या गुणधर्मात ठेवल्यास स्प्राइट निघून गेल्यावर ती पुसली जाते. ती टिकवायची असल्यास 'ग्लोबल' प्रकारच्या चलात ठेवावी लागते.

एक साधे उदाहरण

चित्राला स्वतःभोवती फिरविणारे बिहेवियर पुढीलप्रमाणे लिहिता येते. प्रत्यक्ष प्रणालीत हे शब्द रोमन लिपीत लिहावे लागतात. येथे त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.

प्रॉपर्टी पीस्पीड
ऑन एक्झिटफ्रेम मी
स्प्राइट(मी.स्प्राइटनम).रोटेशन = स्प्राइट(मी.स्प्राइटनम).रोटेशन + पीस्पीड
एंड

याचा अर्थ असा: प्रत्येक चौकट संपताना, हे बिहेवियर ज्या स्प्राइटला जोडलेले आहे त्याचा कोन पीस्पीड या मूल्याने वाढवावा. 'मी.स्प्राइटनम' या पदामुळे तीच आज्ञावली कोणत्याही चॅनेलमधील स्प्राइटला लागू पडते. तिच्यात ठरावीक चॅनेलचा क्रमांक लिहिला असता, तर ती एकाच स्प्राइटपुरती उरली असती.

पीस्पीडचे मूल्य २ आणि गती सेकंदाला ३० चौकटी असल्यास चित्र सेकंदाला ६० अंश फिरते व ६ सेकंदांत एक फेरी पूर्ण करते. संगणक मंद असल्याने सेकंदाला १५ चौकटीच दाखविल्या गेल्या, तर त्याच फेरीस १२ सेकंद लागतात. त्यामुळे एका यंत्रावर नीट चालणारा पाठ दुसऱ्या यंत्रावर रेंगाळू शकतो. यावर उपाय म्हणजे चौकटी न मोजता प्रत्यक्ष वेळ मोजणे. त्यासाठी लिंगोत सेकंदाच्या साठाव्या भागाचे 'टिक्स' आणि हजाराव्या भागाचे 'मिलिसेकंड्स' ही दोन मापे आहेत.

वापराची पद्धत

सातव्या आवृत्तीपासून तयार बिहेवियरांचा संग्रह लायब्ररी पॅलेट नावाच्या खिडकीत वर्गवारीने मांडलेला असे. वापराचे टप्पे पुढीलप्रमाणे होते.

लायब्ररी पॅलेटमधून हवे ते बिहेवियर निवडून ते मंचावरील स्प्राइटवर किंवा स्कोअरमधील चौकटीवर ओढून सोडावे. प्राचलांची चौकट उघडल्यास तीत योग्य मूल्ये भरावीत. या बिहेवियरची प्रत आपोआप कास्टमध्ये जमा होते. पुढे मूल्य बदलायचे असल्यास बिहेवियर इन्स्पेक्टर या खिडकीतून बदलता येते. एका स्प्राइटला जोडलेल्या सर्व बिहेवियरांची यादी व त्यांचा क्रम याच खिडकीत दिसतो.

बिहेवियर इन्स्पेक्टरमध्ये घटना आणि कृती यांच्या दोन याद्या असतात. 'माउसअप' ही घटना व 'अमुक चौकटीवर जा' ही कृती निवडली, की त्यांच्या जोडणीतून नवे बिहेवियर तयार होते व त्यामागील लिंगो आज्ञावलीही पाहता येते. त्यामुळे ही खिडकी नवशिक्यांसाठी भाषेच्या अंकलिपीसारखी उपयोगी पडत असे.

प्रमुख प्रकार

ॲनिमेशन. यांत दोन गट पडतात. सतत फिरणे, रंग बदलत राहणे, नागमोडी डोलणे, हळूहळू दिसणे व विरणे ही स्वयंचलित वर्तने होत. माउसने ओढता येणे, ओढून भिरकावता येणे, माउसच्या दिशेला तोंड वळविणे, माउसपासून दूर पळणे ही प्रतिसादात्मक वर्तने होत.

नियंत्रणे. दाबायचे बटण, अनेक पर्यायांतून एकच निवडण्याचा गट, खाली उघडणारी यादी, काटे असलेले घड्याळ.

मार्गदर्शन. त्याच चौकटीवर थांबणे, ठरावीक सेकंद थांबणे, माउस किंवा कळ दाबेपर्यंत वाट पाहणे, दुसऱ्या चौकटीवर अथवा संकेतस्थळावर जाणे. यांतील 'त्याच चौकटीवर थांबणे' हे सर्वांत मूलभूत होय. स्कोअर आपणहून पुढे सरकत असतो. त्याला थांबविल्याखेरीज वाचकाला पान वाचण्यास किंवा बटण दाबण्यास वेळच मिळत नाही.

मजकूर. अक्षरामागून अक्षर उमटविणे, सरकती पट्टी, उलटी मोजणी, गुप्त शब्द स्वीकारणे.

यांशिवाय ध्वनी व चित्रफीत, महाजाल आणि रंगपेटी यांसाठीही स्वतंत्र वर्ग होते. २००१ मधील ८.५ या आवृत्तीत त्रिमितीय दृश्यांची सोय आल्यावर त्यांसाठीही बिहेवियर देण्यात आली.

घटनांचा प्रवास

माउसअपसारख्या घटनेचा संदेश ठरलेल्या क्रमाने प्रवास करतो. तो प्रथम स्प्राइटच्या बिहेवियरांकडे, तेथे हस्तक नसल्यास कास्ट-सदस्याच्या स्क्रिप्टकडे, त्यानंतर चौकटीच्या बिहेवियरकडे आणि अखेरीस संपूर्ण चित्रपटाला लागू असणाऱ्या मूव्ही स्क्रिप्टकडे जातो. ज्या पातळीवर हस्तक सापडतो तेथे तो थांबतो. 'पास' ही आज्ञा दिल्यास पुढील पातळीवर जातो.

एकाच स्प्राइटला अनेक बिहेवियर असल्यास संदेश यादीतील क्रमानुसार प्रत्येकाला मिळतो. म्हणून हा क्रम महत्त्वाचा ठरतो. 'स्टॉपइव्हेंट' या आज्ञेने पुढील बिहेवियरांना तो संदेश मिळू न देता येतो.

बिहेवियर एकमेकांशीही बोलू शकतात. 'सेंडस्प्राइट' ही आज्ञा एका विशिष्ट स्प्राइटला, तर 'सेंडऑलस्प्राइट्स' ही आज्ञा मंचावरील सर्व स्प्राइटांना संदेश पाठविते.

शैक्षणिक पाठातील उपयोजन

फुलाचे भाग ओळखण्याचा पाठ तयार करायचा आहे असे मानल्यास पाकळी, निदलपुंज, पुंकेसर व स्त्रीकेसर अशी चार नावे चित्रातील योग्य भागावर नेऊन ठेवणे ही विद्यार्थ्याची कृती असेल. यासाठी चार आज्ञावल्या लिहाव्या लागत नाहीत. एकच बिहेवियर चारही नावांना जोडून प्रत्येकाच्या प्राचलांत वेगळे लक्ष्य नमूद केले, की काम भागते.

या बिहेवियरचे कार्य असे चालते: बिगिनस्प्राइटच्या वेळी ते नावाची मूळ जागा लक्षात ठेवते. माउसडाउन होताच ओढणे सुरू करते. एक्झिटफ्रेमच्या वेळी नावाला माउसमागे नेते. माउसअप होताच नाव लक्ष्याला स्पर्श करते का, हे 'इंटरसेक्ट्स' या क्रियेने तपासते. उत्तर बरोबर असल्यास नाव तेथेच स्थिरावते, चुकल्यास मूळ जागी परतते.

येथे एक नेहमीची चूक संभवते. विद्यार्थ्याने माउस वेगाने हलविल्यास नाव बाणाच्या मागे पडते आणि कळ नावाच्या बाहेर सोडली जाते. अशा वेळी माउसअप हा संदेश मिळतच नाही. त्याऐवजी 'माउसअपआउटसाइड' हा संदेश मिळतो. त्याचा हस्तक लिहिलेला नसेल, तर कळ सोडल्यावरही नाव बाणाला चिकटून राहते. पाठ शिकणाऱ्या मुलाला मात्र आपलेच काहीतरी चुकले असे वाटते. म्हणून चांगल्या बिहेवियरमध्ये दोन्ही संदेशांची दखल घेतलेली असते.

मराठी मजकूर आणि बिहेवियर

डायरेक्टरमध्ये युनिकोडची सोय २००८ मधील अकराव्या आवृत्तीत आली. तोपर्यंत मराठी मजकुरासाठी श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या प्रणालींतील विशिष्ट टंक वापरावे लागत. अशा टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकारखंड बसविलेले असतात. संगणकाच्या दृष्टीने 'कि' हे एक अक्षर नसून वेलांटी आणि 'क' असे दोन सुटे आकार असतात.

मजकुरावर काम करणाऱ्या तयार बिहेवियरांना याचा थेट फटका बसतो. अक्षरामागून अक्षर उमटविणारे बिहेवियर अशा टंकावर चालविल्यास प्रथम एकटी वेलांटी आणि मग व्यंजन उमटते. जोडाक्षरे अर्धी अर्धी दिसतात. वाचायला शिकणाऱ्या मुलांच्या पाठात हा दोष गंभीर ठरतो. तो टाळण्यासाठी अक्षराऐवजी शब्द हे एकक धरून बिहेवियर बदलून घेणे किंवा मजकुराचे चित्र करून वापरणे हे मार्ग उपलब्ध होते. चित्र वापरल्यास तो मजकूर पुढे शोधता किंवा सुधारता येत नाही.

फायदे

एकदा तपासलेली आज्ञावली पुन्हापुन्हा वापरता येते. कास्टमधील बिहेवियरमध्ये दुरुस्ती केल्यास ते जेथे जेथे जोडलेले आहे तेथे सर्वत्र ती लागू होते. आज्ञावली लिहिणारा व दृश्यरचना करणारा यांना कामाची विभागणी करता येते. शिकणाऱ्यास तयार बिहेवियर उघडून, वाचून व थोडे थोडे बदलून भाषा आत्मसात करता येते.

मर्यादा

दोन बिहेवियर एकाच गुणधर्मावर हक्क सांगू लागल्यास संघर्ष होतो. स्वैर भ्रमण करविणारे आणि माउसने ओढू देणारे अशी दोन बिहेवियर एकाच स्प्राइटला जोडल्यास दोन्ही त्याची जागा ठरवू पाहतात आणि स्प्राइट थरथरत राहतो.

प्राचलांत चॅनेलचा क्रमांक दिलेला असल्यास आणि पुढे लक्ष्य दुसऱ्या चॅनेलमध्ये हलविल्यास जोडणी तुटते. अशा वेळी दोषसूचना मिळेलच असे नाही. पाठ निमूटपणे चुकीचे उत्तर देऊ लागतो.

तयार बिहेवियर सर्व शक्यतांचा विचार करून लिहिलेली असल्याने ती बरीच लांबलचक असतात. साध्या कामासाठी चार ओळींची स्वतंत्र आज्ञावली अनेकदा अधिक सुटसुटीत ठरते. शिवाय केवळ तयार बिहेवियरांवर विसंबणाऱ्या निर्मात्याला अडचण आल्यास तिचे कारण शोधणे कठीण जाते.

फ्लॅश व इतर प्रणाली

मॅक्रोमीडियाच्याच ड्रीमवीव्हर या संकेतस्थळ-निर्मितीच्या प्रणालीत आणि फ्लॅश एमएक्स २००४ मध्येही बिहेवियर नावाची सोय होती. फ्लॅशमधील रचना मात्र वेगळी होती. तेथे पर्याय निवडताच ॲक्शनस्क्रिप्ट भाषेतील मजकूर त्या त्या ठिकाणी चिकटविला जाई. दहा बटणांना वर्तन जोडल्यास दहा ठिकाणी मजकूर तयार होई व दुरुस्तीही दहा ठिकाणी करावी लागे. २००६ मध्ये आलेल्या ॲक्शनस्क्रिप्ट ३.० बरोबर ही सोय चालत नव्हती. २०१० च्या फ्लॅश सीएस५ मध्ये कोड स्निपेट्स या नावाने तयार तुकड्यांचा संग्रह पुन्हा देण्यात आला.

कन्स्ट्रक्ट आणि जीडेव्हलप या खेळनिर्मिती प्रणालींत वस्तूला जोडायच्या तयार गुणसमूहांना आजही बिहेवियर असेच म्हणतात. युनिटी प्रणालीत वस्तूला जोडायची स्क्रिप्ट मोनोबिहेवियर या वर्गावर आधारलेली असते आणि तिची मूल्ये इन्स्पेक्टर नावाच्या खिडकीतून भरता येतात.

अस्त आणि जतन

डायरेक्टर एमएक्स २००४ मध्ये लिंगोच्या जोडीला जावास्क्रिप्टची वाक्यरचना आली. डिसेंबर २००५ मध्ये अडोबीने मॅक्रोमीडिया ही संस्था ताब्यात घेतली. डायरेक्टरची बारावी आवृत्ती २०१३ मध्ये आली व ती अखेरची ठरली. १ फेब्रुवारी २०१७ पासून डायरेक्टरची विक्री बंद झाली आणि ९ एप्रिल २०१९ रोजी विंडोजसाठीच्या शॉकवेव्ह प्लेयरचे वितरणही थांबले.

यामुळे या प्रणालीत तयार झालेले असंख्य पाठ, खेळ आणि कलाकृती नव्या संगणकांवर उघडेनाशा झाल्या. डायरेक्टरची मूळ फाइल जपलेली असेल, तर तिच्यातील बिहेवियर वाचता येतात. परंतु ती उघडण्यासाठी मूळ प्रणाली लागते. वितरणासाठी बनविलेल्या संरक्षित फाइलीतून स्क्रिप्टचा वाचनीय मजकूर काढून टाकलेला असतो व केवळ यंत्राला कळणारे रूप शिल्लक राहते. पुस्तकाचे पान फाटले तरी उरलेले वाचता येते. येथे चालविणारे यंत्र नसल्यास संपूर्ण कृती मुकी होते.

अशा कृती जपण्याचे प्रयत्न स्वयंसेवकांनी हाती घेतले आहेत. जुने खेळ चालविणाऱ्या स्कमव्हीएम या मुक्त प्रणालीत डायरेक्टरसाठी स्वतंत्र विभाग विकसित करण्यात आला आहे. फ्लॅशपॉइंट या संग्रहात फ्लॅशबरोबरच शॉकवेव्ह खेळही जतन केलेले आहेत. यंत्रवाचनीय रूपावरून लिंगो मजकूर पुन्हा उभा करणारी मुक्त साधनेही उपलब्ध आहेत. डायरेक्टरमध्ये तयार केलेली जुनी सीडी-रॉम किंवा मूळ फाइल हाती असल्यास तिची अखंड प्रत करून ठेवणे, ही या जतनकार्यातील पहिली पायरी होय. कारण चकती खराब झाल्यावर कोणतेही साधन तिच्यातील मजकूर परत आणू शकत नाही.

हे सुद्धा पहा

लिंगो
हायपरकार्ड
अडोबी शॉकवेव्ह
अडोबी फ्लॅश
ॲक्शनस्क्रिप्ट
युनिकोड